उलटं शिकवणारं पुस्तक

डॉक्टरांकडे किस्से असतात, वकिलांकडे असतात, हे लोकांना पटतं. पण लहान मुलांची चित्रपुस्तकं काढणाऱ्या ऑफिसात कसले आलेत किस्से, असं मला पुण्यात गेले की हमखास विचारतात. त्यातून आमची पुस्तकं म्हणजे, रंगावरून कुणाला चिडवू नका, वेगळ्या चेहऱ्याच्या माणसाला घाबरू नका, दुसऱ्याला काय वाटत असेल त्याचा विचार करा, असली. हिंदीत, इंग्रजीत आणि मराठीत. मराठीचं मी बघते. आता दिल्लीत बसून असली पुस्तकं काढायची म्हणजे किस्से साठणारच ना यार! पुस्तकांपेक्षा तेच जास्त झालेत. सांगायला घेतलं की समोरचा आधी हसतो. मग त्याचा चहा तसाच राहतो.

ऑफिस मयूर विहारला, एका केमिस्टच्या दुकानावर. मी राहते द्वारकेला, म्हणजे मेट्रोची ब्लू लाइन जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत. मालकीणबाई कामिनी मॅम. चित्रं काढते ती आसेनला. घरचे नागालँडचे, पण वडिलांची नोकरी इथे, त्यामुळे ती जन्मल्यापासून दिल्लीतच. गोष्टी लिहिते आफरीन, आपल्या मिरजेची. आणि विक्री बघतात खुरानाजी. त्यांना पुस्तकं वाचायला वेळ नसतो, पण विकतात मात्र मनापासून. झालं, एवढंच आमचं ऑफिस.

*

आमच्या पहिल्या पुस्तकातली मिनू काळी होती. "सावळी" नाही हं, काळी. शब्द कुठला वापरायचा यावर आमच्याकडे भांडणं झाली होती. गोष्ट साधी. चित्रकलेच्या तासाला बाई म्हणतात, "हाताला स्किन कलर द्या," आणि मिनू खडूंच्या डबीत आपला रंग शोधत बसते. आसेनलाने तो रंग जमवायला जिवाचं रान केलं होतं. कागदाचे तुकडे माझ्या हाताशेजारी धरून बघायची, आफरीनच्या हाताशेजारी धरायची, पुन्हा मिसळायची.

फाइल नोएडाला प्रेसमध्ये गेली. छापलेले कागद आले. आम्ही सगळ्याजणी टेबलाभोवती गोळा झालो आणि बघतो तर मिनू गोरी! गालांवर गुलाबी छटासुद्धा!

कामिनी मॅमनी फोन स्पीकरवर टाकला. प्रेसचा ऑपरेटर खुशीत होता. "मॅडम, देख लिया? फाइल में कुछ गड़बड़ थी. बच्ची एकदम काली आ रही थी. मैंने एक-एक पेज पे ठीक कर दी."

मॅम ओरडल्या. सगळं पुन्हा छापायचं म्हणाल्या. पलीकडे मशीन बंद केल्याचा आवाज आला. आम्हाला वाटलं, माणूस वैतागला.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मैं तो बच्ची का सोच रहा था. मेरी अपनी बेटी भी काली है. मैं समझता हूँ."

*

गुडगावच्या एका मोठ्या शाळेत आमचा वाचनाचा कार्यक्रम होता. मी आणि आसेनला गेलो. गेटवर गार्डने मला सलाम ठोकला आणि आसेनलाला म्हणाला, "पार्लरवाली उधर, पीछे के गेट से."

त्या दिवशी शाळेचं गॅदरिंगही होतं म्हणे, मुलांच्या मेकअपला मुली यायच्या होत्या.

आसेनला शांतपणे म्हणाली, "मेकअप नहीं करती भैया. चित्र बनाती हूँ."

"हाँ हाँ, चेहरे पे ही तो बनाना है. पीछे से!"

मी भांडायला तोंड उघडलं, तर तिने माझा दंड धरला. "चलो यार, पीछे से ही चलते हैं. टाइम हो रहा है." ज्या आवाजात आपण 'दूध संपलंय' म्हणतो ना, त्या आवाजात.

कार्यक्रम सुंदर झाला. मुलांनी तिला घेरलं, डोळे कसे काढायचे विचारलं, वह्यांवर हत्ती काढून घेतले. शेवटी प्रिन्सिपॉल मॅडम उठल्या. आमच्या शाळेत कसलाही भेदभाव चालत नाही, असं छान भाषण केलं. मग शाल घातली आणि माइक आसेनलापुढे धरला. "आप इतनी दूर से हमारे बीच आई हैं. बताइए, इंडिया कैसा लगा आपको?"

हॉलमध्ये पाचशे मुलं तरी असतील. आसेनला म्हणाली, "अच्छा है मॅम. जब से पैदा हुई हूँ, यहीं हूँ."

मला वाटलं, आता तरी बाई ओशाळतील. कसलं काय! बाईंनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

"देखो बच्चो," त्या कौतुकाने म्हणाल्या, "हिंदी भी कितनी अच्छी सीख ली है!"

*

आफरीनचं सगळ्यांत खपलेलं पुस्तक साळिंदराचं. साळिंदराला जंगलात कुणी बीळ भाड्याने देत नाही. काटे बघितले की सगळ्यांची बिळं एकदम भरलेली असतात! शेवटी एक म्हातारी घूस त्याला घरात घेते. आफरीनने ते लिहिलं तेव्हा ती स्वतः खोली शोधत होती. पुस्तक छापून झालं, खपलं, दुसऱ्यांदा छापलं, तरी ती खोली शोधतच होती.

मग कामिनी मॅमच्या ओळखीतून एक पत्ता मिळाला. ऑफिसपासून चालत जाता येईल असा. रिटायर्ड टीचर आंटी, एकट्या, शनिवार-रविवार नात येते. आफरीन संध्याकाळी बघायला गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला सगळं सांगितलं.

"अगं वैदेही, दार उघडलं तर सोफ्यावर माझंच पुस्तक! मी म्हटलं, हे माझं. झालं! आंटींनी मला मिठीच मारली. चहा काय, मठरी काय. नातीने तर अख्खी गोष्ट पाठ म्हणून दाखवली. खोली पण मस्त गं. बाल्कनीसमोर कडुनिंब."

"मग? घेतलीस?"

"ऐक तर. पुस्तकावर माझं नुसतं आफरीन छापलंय ना. आंटींना वाटलं असेल आपलं काहीतरी मॉडर्न नाव. म्हणाल्या, पूरा नाम क्या है बेटा? मी सांगितलं, आफरीन शेख."

पुढचं मला तिने सांगायची गरज नव्हती. तरी ती सांगत राहिली. आंटींना एकदम आठवलं की कॅनडातल्या मुलाने कालच खोलीसाठी दुसऱ्या कुणाला तरी होकार दिलाय. मला काही प्रॉब्लेम नाही गं बेटा, असंही त्या म्हणाल्या. खरंच वाईट वाटत होतं त्यांना. डोळ्यांत पाणी वगैरे.

"आणि मी उठले, तर नात पेन घेऊन आली. आंटी, साइन! आजी पण म्हणाली, हाँ हाँ, साइन तो कर दो, बच्ची का कितना मन है."

"केलीस?"

"केली की. शेखसकट केली. तर ती पोरगी विचारते, आंटी, लास्ट में उसको घर मिल गया था ना? मी म्हटलं, हाँ बेटा, मिल गया था."

आफरीनने कॉम्प्युटर सुरू केला.

"काय करणार," ती म्हणाली, "शेवट मीच लिहिला होता ना."

*

आता जरा खुरानाजींचा. पुस्तकांच्या एका मेळ्यात आमचा छोटा स्टॉल होता. खुरानाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते, "बच्चे को सेन्सिटिव बनाइए! दूसरों का दर्द समझेगा!"

एका बाईंनी विचारलं, "इसका ओलिंपियाड होता है?" खुरानाजी म्हणाले, "अभी नहीं होता मॅडम, पर होगा!" असे आमचे खुरानाजी.

मग एक गृहस्थ आले, बरोबर आठेक वर्षांचा मुलगा. गृहस्थांनी सगळी पुस्तकं चाळली. मुलगा खाली मांडी घालून मिनूचं पुस्तक वाचायला लागला. खुरानाजींनी आपलं पालुपद लावलं, तसं त्या गृहस्थांनी हात वर केला.

"नहीं भाईसाहब. ये तो पहले से ही ऐसा है. टिफिन बाँट के आता है. क्लास में एक लड़का है, कोई उसके साथ नहीं बैठता, ये जाके उसके साथ बैठता है. अब इसके साथ भी कोई नहीं बैठता."

खुरानाजींनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

गृहस्थ पुढे वाकले. मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला, पण मुलगा तर पायाशीच बसलेला. "आपके पास कोई उल्टा सिखाने वाली किताब है क्या?"

मुलाने पान उलटलं.

*

कोपर्निकस मार्गावर एका हॉलमध्ये दिल्लीतल्या मराठी मुलांसाठी छोटा कार्यक्रम होता. आईबाप सगळे पुण्या-मुंबईचे, आयटीतले, बँकांतले. मुलं इथेच वाढलेली, त्यामुळे मराठी घरापुरती. मी नव्या पुस्तकाची मराठी गोष्ट वाचायला घेतली. दुसऱ्याच ओळीत, "गावात एक परका मुलगा आला."

पहिल्या रांगेतून हात वर. अर्णव नावाचा मुलगा. "परका मतलब?"

मी म्हटलं, "जो आपला नाही तो."

"आपला नाही, तर मग कुणाचा आहे?"

सगळे हसले. मीही हसले. मागून त्याच्या बाबांनी मदत केली, "अरे, म्हणजे बाहेरचा. आउटसाइडर!"

"अच्छा, आउटसाइडर!" अर्णवला एकदम उलगडा झाला. "शाळेत मला मद्रासी बोलतात, तसं?"

हसणं थांबलं. मुलगा रंगाने जरा उजळ कमी, बाकी आपल्या कुठल्याही मुलासारखा. त्याची आई नवऱ्याकडे बघायला लागली. बाबा खुर्चीतून उठून पुढे आले, त्याच्यासमोर उकिडवे बसले. "कोण म्हणतं तुला असं? नाव सांग. आम्हाला कधी बोलला नाहीस तू!"

मुलगा गोंधळला. बाबा एवढे का चिडलेत, ते त्याला कळेना.

"पण बाबा," तो म्हणाला, "तुम्ही पण खालच्या अय्यर अंकलना तेच बोलता."

*

एक आसेनलाचा, छोटासाच.

आमच्या पुस्तकांत गर्दीची चित्रं पुष्कळ असतात. बाजार, शाळा, बसस्टॉप. मिनूच्या पुस्तकाला एकदा चित्रांसाठी बक्षीस मिळालं, तेव्हा मी सगळी पुस्तकं पसरून बसले होते. बघता बघता लक्षात आलं की प्रत्येक गर्दीत एक छोटी मुलगी आहे. काळे सरळ केस, लाल स्वेटर. आणि प्रत्येक चित्रात पाठमोरी.

मी आसेनलाला विचारलं, "ही तूच ना? मग चेहरा का नाही दाखवत?"

ती ब्रश धूत होती. म्हणाली, "पहली किताब में दिखाया था. मीटिंग में मॅम ने पूछा, ये लड़की कौन है? कहानी में इसका क्या काम है?"

"मग?"

"काम तो कुछ नहीं था. बस खड़ी थी." तिने ब्रश झटकला. "पीठ के बारे में कोई नहीं पूछता."

*

आणि हा आमच्या द्वारकेच्या सोसायटीतला. ऑफिसचा नव्हे, पण पुस्तकं ऑफिसचीच. शनिवारी संध्याकाळी मी क्लबहाउसमध्ये सोसायटीतल्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवते. आमच्या टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर नायजेरियाचं एक कुटुंब राहतं. नवऱ्याचा कपड्यांचा व्यापार, तो सारखा बाहेरगावी. बायको ब्लेसिंग. मुलगी आमाका, सात वर्षांची, दिल्लीतच वाढलेली, हिंदी माझ्या मुलीपेक्षा फर्डी. वाचनाला ती पहिल्या दिवसापासून यायची. शेजारी कोण बसायचं यावरून सुरुवातीला इतर मुलांची ढकलाढकल चालायची; हे लोक माणसं खातात, असं कुणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं. मग शौर्य बसायला लागला. शौर्य म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या देशपांडे काकांचा नातू. सहा वर्षांचा, कुणाच्याही शेजारी बसेल असा.

एका संध्याकाळी मी मेट्रोतून उतरून सोसायटीत शिरले, तर गेटवर नुसता गोंधळ. शौर्य सापडत नाहीये! खाली खेळायला गेला तो परतलाच नाही. काका पार्किंगमध्ये हाका मारत फिरत होते. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज. त्यात कुणीतरी लिहिलं, "चौथ्या मजल्यावर बघितलं का?" कुणी लिहिलं, ते नंतर कुणालाच आठवलं नाही.

लिफ्ट भरून माणसं वर गेली. उरलेली जिन्याने. मी पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं. ब्लेसिंग ओल्या हातांनी भिंतीला पाठ लावून उभी. रोज लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग म्हणणारी माणसं बूट घालून तिच्या बेडरूममध्ये फिरत होती. कुणी कपाट उघडलं, कुणी पलंगाचा बॉक्स उचलला. एकाने फ्रिज उघडला. फ्रिज! आणि नुसता उघडला नाही, भाजीचा ट्रेसुद्धा ओढून बघितला.

आमाका सोफ्याच्या कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसली होती. रडत नव्हती. बघत होती.

मी म्हटलं, "अहो काका, काय चाललंय हे!"

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. "तू मधे पडू नकोस वैदेही," ते म्हणाले. "तुझं मूल घरी आहे."

तेवढ्यात फोन वाजला. शौर्य बी ब्लॉकमध्ये मित्राच्या घरी व्हिडिओ गेम खेळत बसला होता.

काका मटकन खाली बसले, देवाला हात जोडले आणि धावत खाली गेले. त्यांच्यामागे सगळे. शेवटच्या माणसाने जाताना दार ओढून घेतलं, अगदी सभ्यपणे. मी आतच राहिले होते. पलंगाची गादी उचलायला पुढे झाले, तर ब्लेसिंग म्हणाली, "नो. यू गो होम, प्लीज." मी घरी गेले.

त्या शनिवारी आमाका येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आली. ब्लेसिंगने दारापर्यंत सोडलं आणि ती आत न बघता वळली. शौर्यला घेऊन काका आले आणि मागच्या खुर्चीत बसले. बाकीचे आईबाबा नेहमीप्रमाणे कडेला मोबाइल बघत. मी पुस्तक उघडलं.

"आंटी, आज किताब नहीं," आमाका म्हणाली. "आज गेम."

"कौन सा गेम?"

"ढूँढने वाला."

मुलं आनंदाने ओरडली. आमाकाने खुर्च्या ओढून चौकोन केला. "ये मेरा घर है. तुम सब लोग अंकल हो. मैं दरवाज़ा खोलूँगी, तुम अंदर आके ढूँढना."

"और मैं?" शौर्यने विचारलं.

"तू खोया हुआ है. तू इधर आ, मेरे पास." तिने त्याला टेबलाखाली घेतलं आणि स्वतःही त्याच्याजवळ बसली. मग हाताने हवेतलं दार उघडलं. "आ जाओ!"

मुलं आरडाओरडा करत घुसली. खुर्च्या पाडल्या, उशा फेकल्या, दप्तरं उलटी केली. कुणाचा तरी मुलगा ओरडला, "फ्रिज में देखो! फ्रिज में!" आणि दोघं-तिघं वॉटर कूलरकडे धावली. कडेच्या आईबाबांनी मोबाइलमधून माना वर केल्या. काका खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसले होते.

टेबलाखाली शौर्यला हसू आवरेना. सगळे त्याच्यासमोरूनच धावत होते आणि कुणाला तो दिसत नव्हता! शेवटी त्याच्याने राहवेना. तो बाहेर यायला निघाला. "अरे, मैं तो यहाँ हूँ!"

आमाकाने त्याला आत ओढलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"अभी नहीं," ती कुजबुजली. "अभी सब गुस्से में हैं."